पुण्यात डॉक्युमेंटरी किंवा कॉन्सर्ट फिल्मचा शो लावताय? मग आधी हॉल बुक करू नका

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, की आम्ही काही मित्र मिळून एक म्युझिक डॉक्युमेंटरी थिएटरला दाखवणार आहोत, हॉल मिळालाय, तारीख ठरलीये, पोस्टर पण झालंय, आता पुढे काय करायचं? आता यांना काय सांगायचं, कारण हॉल, तारीख आणि पोस्टर ही तिन्ही कामं नंतरची आहेत आणि ती आधी केली की पुढचं सगळं त्या तारखेच्या मागे धावत करावं लागतं. मग परवानगी आलेली नसते, फाइल थिएटरच्या मशीनवर उघडत नाही, आणि शेवटी कुणीतरी लॅपटॉप जोडून ब्लू-रे लावतो. हे बेकायदेशीर तर आहेच, वर आवाज पण बेकार येतो.

म्हणून खाली क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका एवढंच म्हणणं आहे, बाकी तुमच्या सोयीने करा. एखादं सिंगल स्क्रीन, छोटं स्वतंत्र थिएटर किंवा संस्थेचा प्रिव्ह्यू हॉल घेऊन एक-दोन शो लावणाऱ्यांसाठी हे आहे. हातात आठ आठवडे धरा, परदेशी फिल्म असेल तर बारा.

सुरुवात करण्याआधी: माणसं आणि कॅलेंडर

तीन माणसं ठरवा. एक पत्रव्यवहार बघणार, एक टेक्निकल, एक पैसे आणि तिकिटं. सगळे मिळून करू म्हटलं की कुणीच करत नाही, हे मंडळात काम केलेल्या कुणालाही माहितीये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा करा, पण ठरलेल्या गोष्टी एका शेअर केलेल्या शीटमध्ये लिहा, नाहीतर ऑपरेटरचा नंबर नेमका शोच्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडला गेलेला असतो.

मग पुण्याचं कॅलेंडर बघा. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो आणि तुमच्या शास्त्रीय संगीतावरच्या डॉक्युमेंटरीचा सगळा प्रेक्षक त्या दिवसांत मुकुंदनगरला बसलेला असतो. जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल. गणपतीच्या दहा दिवसांत लक्ष्मी रोड, टिळक रोडच्या आसपास कुणी गाडी घेऊन येऊ शकत नाही, आणि त्याच्या आधीचे दोन महिने नदीपात्राच्या बाजूला ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस चालू असते. जुन्या थिएटरचं साउंडप्रूफिंग जेमतेम असतं, त्यामुळे तुमच्या फिल्ममधल्या आलापाला बाहेरून ढोलाची साथ मिळू शकते. पावसाळ्यात हॉलवर पत्रे आहेत का तेही विचारा.

तारीख अजून ठरवायची नाहीये. फक्त कोणत्या तारखा नकोत एवढं लिहून ठेवा.

टप्पा १: फिल्मचे हक्क कुणाकडे आहेत ते शोधा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. घरी डीव्हीडी आहे, ब्लू-रे आहे, ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे, म्हणजे दाखवता येतं असं लोक धरून चालतात. ती सगळी परवानगी घरगुती बघण्यापुरती असते. आणि तिकीट लावलं नाही म्हणजे चालतं, हाही गैरसमज. कॉपीराइटच्या दृष्टीने फुकट शो पण सार्वजनिक शोच. यूट्यूबवर आहे म्हणून डाउनलोड करून थिएटरला लावायचं, हे तर नकोच.

भारतीय डॉक्युमेंटरी असेल तर काम सोपं असतं, कारण बऱ्याचदा हक्क दिग्दर्शकाकडे किंवा छोट्या निर्मात्याकडेच असतात आणि ते मेलला उत्तर देतात. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या फिल्म्स हव्या असतील तर आता एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाशी बोलायचं, कारण फिल्म्स डिव्हिजन आणि आपलं लॉ कॉलेज रोडवरचं नॅशनल फिल्म अर्काइव्ह दोन्ही २०२२ पासून एनएफडीसीच्या छत्राखाली आहेत. जर्मन किंवा फ्रेंच फिल्म असेल तर पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि आलियॉन्स फ्रॉन्सेज आहेत, अशा संस्थांकडे काही फिल्म्सचे विना-नफा शोचे हक्क असतात, फक्त मग सहसा तिकीट लावता येत नाही.

कॉन्सर्ट फिल्मचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे फिल्मचा मालक एक, गाण्यांचा दुसरा, रेकॉर्डिंगचा तिसरा, असं असू शकतं. फिल्म बनवताना गाण्यांचे हक्क ठराविक वर्षांसाठी किंवा ठराविक देशांसाठी घेतलेले असतात. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरने हो म्हटलं तरी त्या परवानगीत भारत हा शब्द लिहिलेला आहे का ते बघायचं. थिएटरमधल्या शोचे हक्क आणि कॉलेज, क्लब, सभागृह अशा ठिकाणचे हक्क हे पण दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात.

पहिल्याच मेलमध्ये सगळी माहिती टाका. आम्ही पुण्यात एक शो करू इच्छितो, साधारण या महिन्यात, दोनशेपर्यंत खुर्च्यांचा हॉल, तिकीट अंदाजे इतकं, आयोजक कोण, नफ्यासाठी आहे की नाही. आम्हाला तुमची फिल्म फार आवडते या विषयावर दोन परिच्छेद लिहू नका, त्या माणसाला आकडे हवे असतात. उत्तरात फी एकरकमी आहे की तिकीट विक्रीतला हिस्सा, आणि हिस्सा असेल तर किमान रक्कम किती, हे स्पष्ट करून घ्या.

लेखी यायला हव्यात अशा गोष्टी: किती शो, कोणत्या शहरात, फाइल कोण देणार, कुरिअरचा खर्च कुणाचा, सबटायटल कोणत्या भाषेत, ट्रेलर आणि फोटो वापरता येतील का.

इशारा: फोनवरचं "हो हो, लावा की" म्हणजे परवानगी नव्हे. मेल येईपर्यंत सोशल मीडियावर फिल्मचं नाव टाकू नका.

टप्पा २: सेन्सॉरचा कागद

डॉक्युमेंटरीला सेन्सॉर लागत नाही असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतील. लागतं. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे आणि त्यात सार्वजनिक शोसाठी प्रमाणपत्र पाहिजे, मग ती फीचर फिल्म असो, दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी असो की नुसती गाणी असलेली कॉन्सर्ट फिल्म असो. थिएटरवाला हा कागद मागणारच, कारण लायसन्स त्याचं जातं.

प्रमाणपत्राची कॉपी मालकाकडून घ्या आणि नीट वाचा. फिल्मचं नाव, भाषा, लांबी आणि वर्ग. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झालेत, पोस्टरवर तोच वर्ग जायला हवा. प्रमाणपत्र जुनं असेल तर घाबरू नका, त्याला आता मुदत नाही.

लांबी का बघायची? कारण प्रमाणपत्र एका ठराविक व्हर्जनला मिळालेलं असतं. परदेशी रॉक डॉक्युमेंटरीत प्रत्येक दुसऱ्या फ्रेममध्ये कुणीतरी सिगरेट ओढत असतो. आपल्याकडे अशा फिल्मला सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी स्पॉट आणि सीनच्या वेळी खाली सूचना लागते. म्हणजे भारतात पास झालेली फाइल आणि लंडनहून थेट मागवलेली फाइल या दोन वेगळ्या निघू शकतात, आणि तुमच्या हातातला कागद त्यातल्या एकीचाच असतो.

प्रमाणपत्रच नसेल तर? मग दोन वाटा. मालकाने सीबीएफसीकडे, म्हणजे सेन्सॉर बोर्डाकडे अर्ज करायचा, तो ऑनलाइन होतो पण वेळ जातो. किंवा फेस्टिव्हल म्हणून माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यायची, त्यालाही अर्ज, फिल्मची यादी, अटी असं सगळं असतं. आपण आपल्या कार्यक्रमाला महोत्सव असं नाव दिलं की सूट आपोआप मिळते, असं काही नाही. फिल्म सोसायटी असाल तर सभासदांपुरत्या शोचे नियम फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजकडून विचारून घ्या.

तपासा: हक्काचा मेल आणि प्रमाणपत्राची कॉपी, दोन्ही शीटमध्ये आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका. खरंच नका जाऊ.

टप्पा ३: फाइल कोणती येणार ते समजून घ्या

थिएटरची भाषा म्हणजे डीसीपी, थिएटरच्या मशीनवर फिल्म लावायचं डिजिटल रूप. ही एक फाइल नसते, फोल्डर असतो, त्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटल वेगळं. कुणीतरी उत्साहाने त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलून नीटनेटकी करतो आणि मग ते कुठेच लागत नाही. हात लावायचा नाही. साइज मोठी असते, जास्तीत जास्त बिटरेट २५० एमबीपीएस म्हणजे तासाला ११२ जीबीपर्यंत. त्यामुळे शोच्या सकाळी ड्राइव्हवरून डाउनलोड करू म्हणणाऱ्याला लगेच दुसरं काम द्या.

मालकाला हे विचारा:

चित्र फ्लॅट आहे की स्कोप, म्हणजे नेहमीच्या रुंदीचं की जास्त लांबट? आवाज ५.१ (पडद्यामागे तीन, बाजूचे सराउंड आणि एक जड आवाजाचा) आहे की स्टिरिओ (फक्त डावा-उजवा)? सबटायटल चित्रातच आहेत की वेगळ्या फाइलमध्ये? वेगळी व्हर्जन फाइल असेल तर मूळ डीसीपी पण सोबत येणार आहे ना? हा शेवटचा प्रश्न विसरतात, मग सबटायटलवाली छोटी फाइल येते, ती मूळ फाइलशिवाय चालत नाही, आणि ड्राइव्हवर तर सगळं आलंय असं दिसत असतं.

फाइलला कुलूप असेल तर केडीएम लागतो. ही किल्ली एका विशिष्ट सर्व्हरसाठी आणि ठराविक तासांसाठीच बनते. म्हणजे हॉल बदलला की किल्ली नवी, आणि टेस्टची वेळ त्या तासांच्या बाहेर असेल तर टेस्ट करता येत नाही. किल्ली मागताना शोच्या आदल्या दिवसापासून चालेल अशी मागा.

आता फ्रेम रेट. डॉक्युमेंटऱ्या, खासकरून टीव्हीसाठी शूट झालेल्या, बऱ्याचदा सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात. थिएटरची ठरलेली पद्धत २४ ची. कुणी घाईत २५ ची फिल्म २४ वर सरळ हळू करून डीसीपी बनवली तर चित्रात काहीच कळत नाही, पण आवाजाची गती ४ टक्क्यांनी कमी होते आणि सूर ७० सेंटने, म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास पाऊण भागाने उतरतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी एकच्या जवळ येऊन पोचतो! मुलाखतींच्या फिल्ममध्ये हे खपून जाईल, संगीताच्या फिल्ममध्ये तिसऱ्या रांगेत बसलेले काका मध्यंतरातच येऊन सांगतील. ओळखायचं कसं, तर लांबीवरून. मूळ फिल्म ९० मिनिटांची असेल आणि डीसीपी पावणेचौऱ्याण्णव मिनिटांची दाखवत असेल तर हेच झालंय. नवीन सर्व्हर २५ फ्रेमची डीसीपी थेट लावू शकतात, थिएटरला विचारा आणि तशीच बनवून घ्या.

दिग्दर्शकाकडे फक्त एमपी४ किंवा प्रोरेस (एडिटिंगमधून निघणारी मोठी व्हिडिओ फाइल) असेल तर डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बनवता येते. पण बनवणं हे अर्धं काम, ती खऱ्या थिएटरच्या सर्व्हरवर चालवून बघणं हे उरलेलं अर्धं.

टप्पा ४: आता हॉल

बघा, चौथ्या नंबरवर आला. आता तुम्हाला माहितीये की तुमच्याकडे काय आहे, म्हणून आता तुम्ही थिएटरला योग्य प्रश्न विचारू शकता.

पहिला प्रश्न भाड्याचा नाही, सर्व्हरचा. केबिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, कोणत्या कंपनीचा सर्व्हर आहे, क्यूबचा, यूएफओचा, की आणखी कुठला? बरीच सिंगल स्क्रीन्स अशा सिस्टिमवर चालतात जिथे कंटेंट त्या कंपनीमार्फत, त्यांच्याच फॉरमॅटमध्ये जावं लागतं. तुम्ही डीसीपीची हार्डडिस्क घेऊन गेलात तर तिथे ती लागणारच नाही, आणि कंपनीकडून लोड करायला वेगळे पैसे आणि वेगळे दिवस लागतील. मॅनेजरला हे नेहमी माहीत असतंच असं नाही, तो सगळं चालतं म्हणून मोकळा होतो. ऑपरेटरशी बोला.

दुसरा प्रश्न आवाजाचा. पडद्यामागे तिन्ही स्पीकर चालू आहेत का, सराउंड चालतात का. तिसरा, टेस्टसाठी वेळ मिळेल का. हे भाड्याच्या पत्रातच लिहून घ्या की शोच्या आदल्या दिवशी रात्रीच्या खेळानंतर किंवा सकाळी पहिल्या खेळाआधी दीड तास टेस्ट. तोंडी ठरलेली टेस्ट ही झाडलोट चालू असताना दहा मिनिटांची होते.

भाडं ठरवताना त्यात एसी, जनरेटर, सफाई, ऑपरेटर आणि डोअरकीपर धरलेत का ते विचारा. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ मागू नका, नव्या पिक्चरमुळे मिळणार नाही आणि मिळाली तरी परवडणार नाही. रविवारी सकाळचा खेळ हा अशा फिल्म्सना पुण्यात सगळ्यात बरा, लोक नाश्ता करून येतात, पार्किंग मिळतं, आणि संपल्यावर गप्पा मारायला दुपार मोकळी असते.

नाट्यगृह किंवा साधं सभागृह घेणार असाल तर आधी दोनदा विचार करा. नाट्यगृहाचे स्पीकर बोलण्यासाठी लावलेले असतात, प्रोजेक्टर भाड्याने आणावा लागतो, पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलतो. आणि एक चूक तर हमखास होते: ५.१ ची फाइल दोन स्पीकरच्या सिस्टिमला जोडतात आणि मधला चॅनल कुठेच जात नाही. मग वाद्यं ऐकू येतात, टाळ्या ऐकू येतात, गायकाचा आवाज गायब, मुलाखती पण गायब, कारण ते सगळं मधल्या चॅनलमध्ये असतं. अशा ठिकाणी मालकाकडून स्टिरिओ मिक्स वेगळा मागून घ्या. शिवाय सिनेमाचं लायसन्स नसलेल्या जागेत फिल्म दाखवायला स्थानिक परवानग्या लागू शकतात, त्या हॉलच्या मॅनेजरकडून लेखी विचारून घ्या.

इशारा: मध्यंतरात आपली प्लेलिस्ट वाजवायची हौस असेल तर पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स हॉलकडे आहे का ते बघा. फिल्मचा हक्क फिल्मपुरता असतो, पेनड्राइव्हवरच्या गाण्यांना तो लागू होत नाही.

टप्पा ५: तिकीट आणि पोस्टर

हे पटकन सांगतो. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के, हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून आहे. त्यामुळे ११० ऐवजी १०० ठेवणं सगळ्यांच्याच फायद्याचं. तिकीट थिएटरच्या सिस्टिममधून जाणार असेल तर जीएसटी कोण भरणार आणि तुमचे पैसे किती दिवसांत येणार, हे आधी ठरवा.

फुकट ठेवू नका असं माझं मत आहे. फुकट शोला दोनशे जण नाव नोंदवतात आणि साठ येतात, वर हॉल रिकामा असला की आवाज पण घुमतो. पन्नास रुपये का होईना, लावा, हक्काची अट आड येत नसेल तर.

पोस्टरवर हव्यात अशा गोष्टी: लांबी, भाषा, सबटायटल, प्रमाणपत्राचा वर्ग, मध्यंतर आहे की नाही, आणि फिल्म सुरू होण्याची खरी वेळ. आयोजकांची नावं लहान टाकली तरी चालतात.

टप्पा ६: टेस्ट

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं जमलं तरी इथे आळस केला की शो वाया जातो.

ड्राइव्ह किमान दोन दिवस आधी केबिनमध्ये पोचवा. सर्व्हरमध्ये कॉपी व्हायला कधीकधी फिल्मच्या लांबीएवढाच वेळ जातो. हार्डडिस्क लिनक्स फॉरमॅटची, म्हणजे ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ असलेली बरी. लॅपटॉपवर दिसत नाही म्हणून कुणी फॉरमॅट मारू नये, त्यावर चिठ्ठी चिकटवा.

केबिनमध्ये गेलात की फेडरबद्दल, म्हणजे हॉलचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणाबद्दल, ऑपरेटरशी संवाद साधारण असा होतो.

"दादा, फेडर कितीवर असतो तुमचा?"

"साडेचार. पब्लिक ओरडतं ना, आवाज जास्त झाला की."

"ही गाण्याची फिल्म आहे, जरा वर नेऊन बघूया का?"

"सहाच्या वर नेऊ नका हां, मागचा एक स्पीकर फडफडतो."

बघा, दोन वाक्यांत तुम्हाला दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. फिल्मचं मिक्सिंग होतं तेव्हा फेडर ७ वर धरलेला असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो ५ च्या आसपास ठेवतात, म्हणजे जवळपास साडेसहा डेसिबल खाली. कथापटाला चालून जातं. कॉन्सर्ट फिल्मचा मात्र सगळा जीवच जातो, ड्रम म्हणजे पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. १९७८ च्या द लास्ट वॉल्ट्झमध्ये तर सुरुवातीलाच पाटी येते, की ही फिल्म मोठ्या आवाजात लावा.

पण म्हणून डोळे झाकून ७ वर नेऊ नका. ही तपासणी करा, याच क्रमाने:

आधी सगळ्यात मोठा आवाज असलेला भाग लावा, शेवटचं गाणं आणि टाळ्या. कुठला स्पीकर फाटतोय का ऐका आणि फेडरची वरची मर्यादा ठरवा. मग सगळ्यात हळू भाग, नुसता तानपुरा किंवा एखादी हळू आवाजातली मुलाखत. ती शेवटच्या रांगेत कळतेय का? लोक हे उलटं करतात, आलापावर आवाज लावतात आणि पुढे तबला सुरू झाला की पहिल्या चार रांगा कानावर हात ठेवतात.

मग फिरा. तिसरी रांग, हॉलच्या दोन तृतीयांश मागे मधोमध, बाल्कनीच्या खाली, आणि दोन्ही कोपरे. बाल्कनीखाली जड आवाज साचतो. एसी आणि पंखे चालू ठेवूनच ऐका, शोच्या वेळी ते चालू असणार आहेत. हॉल भरला की माणसं आवाज शोषून घेतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये किंचित जास्त वाटेल असाच ठेवा.

मग आवाज आणि चित्र जुळतंय का. यासाठी तबल्याची थाप किंवा ड्रमची काठी बघा, गायकाचे ओठ नकोत. आणि हे मध्यावर बसून बघा, शेवटच्या रांगेत नाही. आवाजाला वीस मीटर जायला साठेक मिलिसेकंद लागतात आणि एक फ्रेम असते बेचाळीस मिलिसेकंदांची, म्हणजे मागे बसलं की सगळं बरोबर असूनही दीड फ्रेम उशिराच ऐकू येणार.

ग्रुपमध्ये साउंडचं कळणारं कुणी नसेल तर लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय आहे, तिथल्या साउंडच्या एखाद्या विद्यार्थ्याला बोलवा, चहा-क्रीमरोल आणि रिक्षाचे पैसे द्या, तासाभरात तो तुम्हाला काय चुकतंय ते सांगेल.

आता चित्र. जुनं अर्काइव्ह फुटेज जवळपास चौकोनी असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. ऑपरेटर कधीकधी पडदा भरावा म्हणून लेन्सचा प्रिसेट (आधीच ठरवून ठेवलेलं सेटिंग) बदलतो आणि मग डोकी कापली जातात, नाहीतर सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर जाते. दोन ओळींचं सबटायटल असलेला सीन मुद्दाम लावून बघा.

शेवटी फिल्मची शेवटची पाच मिनिटं लावा. टेस्टमध्ये सगळे पहिली पाच मिनिटं बघतात, तिथे सगळं नीटच असतं.

तपासा: फेडरचा आकडा, प्रिसेटचं नाव, मध्यंतराची वेळ, हे एका कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. शोला दुसराच ऑपरेटर असू शकतो.

टप्पा ७: मध्यंतर, दिवे आणि स्वागत

सत्तर मिनिटांच्या डॉक्युमेंटरीला मध्यंतर नको. थिएटरवाला समोसा आणि पॉपकॉर्नसाठी आग्रह धरेल, त्याचंही बरोबर आहे, त्याचा धंदा त्यावरच आहे. मग फिल्मच्या आधी अर्धा तास स्टॉल उघडा ठेवा असं सुचवा. कॉन्सर्ट फिल्म दोन तासांची असेल आणि मध्यंतर घ्यायचंच असेल तर कुठे घ्यायचं ते तुम्ही सांगा, मिनिट आणि सेकंदासकट, टाळ्या पूर्ण विरल्यावर. नाहीतर मशीन बरोबर अर्ध्यावर थांबतं आणि अंतरा अर्ध्यातच तुटतो.

दिव्यांचं पण तसंच. नावांची पाटी सुरू झाली की हॉलचे दिवे लावायचे आणि दरवाजे उघडायचे, ही डोअरकीपरची वर्षानुवर्षांची सवय. कॉन्सर्ट फिल्ममध्ये शेवटचं गाणं बऱ्याचदा त्या नावांवरच चालू असतं. ऑपरेटर आणि डोअरकीपर दोघांनाही वेगवेगळं सांगा, एकाला सांगून दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

प्रास्ताविक तीन मिनिटं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे सत्कार हे सगळं फिल्मनंतर ठेवा, म्हणजे ज्याला थांबायचंय तो थांबेल. पण पुढचा खेळ किती वाजता आहे ते बघून प्रश्नोत्तरांची वेळ ठरवा आणि दोन माइक ठेवा, एक दिग्दर्शकाकडे, एक प्रेक्षकांत फिरता. प्रेक्षकांतला माइक आपल्या माणसाने हातात धरूनच ठेवायचा, सोडायचा नाही. प्रश्न विचारतो म्हणून उभे राहणारे काहीजण दहा मिनिटं स्वतःच्या संगीतसाधनेबद्दल बोलतात.

इशारा: कॉन्सर्ट फिल्मला लोक खऱ्या कॉन्सर्टसारखे फोन काढून रेकॉर्ड करायला लागतात. २०२३ च्या दुरुस्तीनुसार थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग केलं तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. सुरुवातीलाच हसत-खेळत पण स्पष्ट सांगा. टाळ्या वाजवायला, उठून नाचायला तुमची हरकत नसेल तर तेही तेव्हाच सांगा, नाहीतर अर्धा हॉल दुसऱ्या अर्ध्याला शूऽऽ करत बसतो.

टप्पा ८: शो संपल्यावर

थिएटरकडून त्या शोचा डीसीआर, म्हणजे किती तिकिटं, कोणत्या दराची, एकूण किती, याचा कागद त्याच दिवशी घ्या. आठवड्याने मागितला तर शोधाशोध होते. पास किती दिले ते पण त्यात लिहिलेलं असू द्या, कारण हिस्सेदारी असेल तर हक्काचा मालक हाच प्रश्न आधी विचारतो. जीएसटी वजा करून जे उरतं त्यावर हिस्सा मोजायचा की आधी भाडं वजा करायचं, हे टप्पा १ च्या मेलमध्ये ठरलेलं असेल, तो मेल काढा आणि त्याप्रमाणेच हिशोब पाठवा. पैसे लगेच पाठवलेत तर पुढच्या वेळी तोच माणूस दुसरी फिल्म आपणहून सुचवतो.

सर्व्हरवरची फिल्म ऑपरेटरकडून तुमच्यासमोर डिलीट करून घ्या आणि तसं मालकाला कळवा. फेडर आणि प्रिसेट मूळ जागेवर नेले का तेही बघा, नाहीतर दुपारच्या खेळाला तुमच्या आवाजात कुठलातरी मारधाडीचा पिक्चर सुरू होतो आणि पुढच्या वेळी हॉल मागायला गेलात की मॅनेजर आधी तेच ऐकवतो. हार्डडिस्क परत पाठवताना सोबत आलेली केबल, अडॅप्टर आणि प्लास्टिकची पेटी मोजून भरा, कुरिअरची पावती शीटमध्ये टाका, आणि ती पोचल्याचा मेल येईपर्यंत ते काम बंद करू नका.